वर्तणूक : चांगली

आमच्या गावात 'बॅड इन्फ्लुअन्स' हा शब्द मी आणला. पहिला ट्रॅक्टर कोणी आणला, पहिली बोअर कोणाच्या वावरात लागली, हे लोक अजून सांगतात. माझं नाव मात्र कोणी घेत नाही. तरी आणला तो मीच. आणि त्यापायी जे काही झालं ते निस्तरलं राठोड बाबूंनी.

गाव तसं माझं नव्हे. मी यवतमाळचा, लोहाऱ्याकडचा. पांढरकवड्याच्या रस्त्याने जाताना हायवे सोडून आठ किलोमीटर आत वळलं की आमची शाळा लागते. पाचवी ते दहावी, वर पत्रे, मागे कपाशीची वावरं. मी इंग्रजीचा मास्तर म्हणून तिथे रुजू झालो, तेव्हा शाळेत वेळेवर येणाऱ्या दोनच गोष्टी होत्या. एक डासांचा थवा, संध्याकाळी पाचला. दुसरे राठोड बाबू, सकाळी पावणेदहाला.

उत्तम राठोड हे शाळेचे क्लार्क. आमच्याकडे क्लार्कला बाबू म्हणतात. तीन किलोमीटरवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून ते सायकलने येत. उंच, वाळके, पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, खिशात दोन पेनं. आल्या आल्या सायकल भिंतीला नाही, कडुनिंबाला टेकवायची. "भिंत शाळेची हाये सर. झाड कोनाचंच नाही." मग माठातलं पाणी घेऊन हात धुवायचे, दुपट्ट्याला पुसायचे आणि दोन्ही पंजे उघडे करून पंख्याखाली धरून उभं राहायचं. पुरते वाळेपर्यंत. ओल्या हाताने त्यांनी कधी कागदाला स्पर्श केला नाही. मला पहिल्या दिवशी वाटलं, बाबू पंख्याची पूजा करून राहिले. तसं मी स्टाफरूममध्ये सांगितलंही, अभिनयासकट. सगळे हसले. वळून पाहतो तर बाबू दारात. तेही हसत होते. म्हणाले, "पूजाच समजा न."

त्यांचं अक्षर असं, की त्यांनी लिहिलेली गैरहजेरीची नोटीससुद्धा लग्नपत्रिकेसारखी वाटायची. पण त्यांचा खरा जीव होता तो दाखल्याच्या पुस्तकात. शाळा सोडल्याचा दाखला. हे पुस्तक ते कपाटात ठेवत, आणि कपाटात एका पिशवीत. लाल कापडाची, आरशांचे तुकडे आणि कवड्या शिवलेली पिशवी. त्यांच्या याडीने शिवलेली. तांड्यावर आईला याडी म्हणतात. शाळेत कोणी दाखला मागायला आलं की आधी पिशवीवरचे आरसे खिडकीतल्या उन्हात चमकायचे. मग पुस्तक बाहेर यायचं. इन्स्पेक्शनला आलेल्या एका साहेबांनी विचारलं होतं, "हे काय, सरकारी कागद असा नवरीसारखा सजवून?" बाबू म्हणाले, "साहेब, लेकरू घरून जाते तेव्हा त्याच्यासंगं काहीतरी चांगलं द्या लागते."

त्यांच्या तोंडी 'नाही' हा शब्द नव्हता. काहीही मागा, उत्तर एकच, "होईन न सर, होईन." काम होणार असलं की हा 'होईन' आखूड यायचा. होणार नसलं की लांब. मला ही फोड कळायला दोन वर्षं लागली. तोवर मी एका पंख्याची वाट पाहत बसलो होतो.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

नवा मास्तर, अंगात उत्साह. मी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून रोज एक इंग्रजी शब्दप्रयोग लिहायला लागलो. एका सोमवारी लिहिलं 'बॅड इन्फ्लुअन्स'. अर्थ सांगितला, की ज्याच्या संगतीनं दुसरेही बिघडतात असा माणूस. बाबू त्या वेळी नोटीस घेऊन वर्गाच्या दारात उभे होते. मान हलवून त्यांनी शब्द घेतला, जसा दुकानातून नवीन पेन घ्यावा.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर बाबू दोन्ही कोपरांनी कागद दाबून बसलेले. "सर, ह्या पंख्याचा बॅड इन्फ्लुअन्स हाये. एक कागद उडाला का बाकीचेही उडून राह्यले." मग तो शब्द चपराशाने उचलला, मग चहाच्या टपरीने, मग तांड्याने. आठवड्याभरात एक बाई आपल्या शेळीबद्दल तक्रार करताना ऐकली, "हे शेजाऱ्याची बकरी, ब्याड इन्फुलन्स, माह्यीले कुंपण उडायले शिकवलं." माझी छाती फुगली. इंग्रजी शिकवायला आलो होतो आणि बकऱ्यांपर्यंत पोचलं होतं.

पण शब्दाला उदाहरण लागतं, आणि उदाहरण मी त्याच सोमवारी दिलं होतं. दहावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर मनीषा आडे. तांड्यावरचीच. ही पोरगी हसली की बाक हसायचा, बाक हसला की रांग. मी बोट दाखवून म्हणालो, "फॉर एक्झाम्पल, मनीषा." वर्ग खिदळला. मनीषा उभी राहिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "सर, म्हणजे इन्फ्लुअन्स तर हाये न माहा?"

तेव्हाच मी हसून सोडायला हवं होतं.

जानेवारीत मी इंग्रजीचे जादा तास ठेवले. शाळा सुटल्यावर, फुकट, स्वतःहून. पहिल्या दिवशी वर्गात तीन जण. त्यातला एक झोपलेला आणि एक वाट चुकून आलेला सातवीतला. मुली तर एकही नाही. शोधत निघालो. गावाबाहेर कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं आवार आहे. तिथे सगळ्या मुली, चुन्याने आखलेलं मैदान, आणि मध्ये मनीषा, ओढणी कमरेला बांधून, कबड्डी कबड्डी करत. मी तरातरा आत शिरलो. "काय चाललंय हे?" असं गरजणार, तेवढ्यात एक बारकी पोरगी ओरडली, "सरचा पाय लाइनीबाहेर! सर औट!"

त्यावर जे हसू फुटलं, ते ऐकून जिनिंगच्या छपरावरची कबुतरं उडाली. मी औट होऊन परत आलो.

दहावीचा निकाल लागला. मनीषाला बरे मार्क मिळाले. यवतमाळला एका कॉलेजात मुलींचं वसतिगृह होतं आणि कबड्डीचा संघही. खेळातून तिची निवड झाली होती. फक्त शनिवारपर्यंत दाखला नेऊन द्यायचा होता. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, होस्टेल भेटलं तर जाय, नाही तर वावरात ये. तांड्यावरून जवळच्या कॉलेजला रोज जायला वेळेवर बस नव्हती. म्हणजे शनिवार हुकला की शिक्षणही हुकलं.

दाखल्यावर एक रकाना असतो. वर्तणूक. वर्गशिक्षकाने यादी द्यायची, हेडसरांनी सही करायची, बाबूंनी त्यातून उतरवायचं. आमच्या शाळेत आजवर सगळ्या याद्यांत, सगळ्या नावांपुढे एकच शब्द होता : चांगली. मला हे फार मिळमिळीत वाटलं. वर्गशिक्षक मी. ठरवलं, यंदा इंग्रजीतून, प्रत्येकाला त्याचा त्याचा शेरा. कोणी 'सिन्सिअर', कोणी 'शाय बट हार्डवर्किंग'. रात्री स्वतःवरच खूश होत मी चाळीस शेरे लिहिले. मनीषाच्या नावापुढे पेन थांबलं नाही. लिहिलं, 'बॅड इन्फ्लुअन्स ऑन अदर्स'. खाली रेघही मारली. हेडसरांनी इंग्रजी पाहून "वा!" म्हटलं, न वाचता सही ठोकली आणि ट्रेनिंगसाठी यवतमाळला निघून गेले.

यादी बाबूंच्या टेबलावर गेली आणि तिथेच बसली.

मंगळवारी मनीषा दाखला न्यायला आली. बाबू म्हणाले, "शिक्क्याची शाई वाळली बाई." बुधवारी आली. "आज हात थरथरून राह्यला." हे मी खिडकीतून ऐकलं आणि चकित झालो. त्या हाताने तासाभरापूर्वीच सुईत दोरा ओवून पिशवीचा निसटलेला आरसा टाचला होता. गुरुवारी ती पुन्हा आली. "होईन न बाई, होईन." हा 'होईन' लांब होता. मनीषा पायरीवर बसून राहिली. पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

बाबूंनी मला बोलावलं. टेबलावर माझी यादी. हेडसरांची सही हिरवीगार.

"सर, हे काय लिहिलं?"

"जे आहे ते."

"खोटं हाये असं कोन म्हनते? ह्या पोरीमागं अख्खा वर्ग गेल्ता. खरंच हाये." त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. माझी. नोकरीला लागताना मी माझे सगळे कागद जोडले होते, त्यातला माझा दहावीचा दाखला त्यांनी पुढे सरकवला. "सर, तुमी सांगत होते, तुमी शाळेची घंटा विहिरीत टाकली होती."

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये निदान पाचदा सांगितली होती. घंटा नाही म्हणून दुपारी तीनपर्यंत शाळेचा पहिलाच तास चालू होता.

"एकट्यानं टाकली?"

"नाही. सात जण होतो. कल्पना माझी."

बाबूंनी माझ्या दाखल्यावर बोट ठेवलं. वर्तणूक : चांगली.

मी म्हणालो, "आमचे मास्तर भोळे होते."

"असन," बाबू म्हणाले. मग त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुनं पुस्तक काढलं, कडा पिवळ्या पडलेलं. दाखल्यांच्या, शाळेकडे राहणाऱ्या स्थळप्रतींचं. पान शोधावं लागलं नाही. पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. "माह्यं नोकरीचं पहिलं साल. वसंता म्हनून होता. वर्गात सुतळीबाँब फोडला त्यानं. मास्तर म्हने, लिहा, वर्तणूक असमाधानकारक. मी लिहिलं. पाहा."

पाहिलं. इतका सुंदर 'असमाधानकारक' मी आयुष्यात पाहिला नाही.

"त्याच्या बापानं कागद परत आनला. होस्टेलवाले घेऊन नाही राह्यले. म्हने, बाबू, एवढा एक शब्द खोडा. आता दाखल्यावर खाडाखोड चालते काय? मी नियम वाचून दाखवला त्याले." बाबूंनी पुस्तक मिटलं. "वसंता आता टरक चालवते, नागपूर-हैदराबाद. हायवेवर भेटला का गाडी थांबवून राम राम घालते. कधीच काही म्हनत नाही. म्हनला असता तं बरं झालं असतं."

मी यादी पुन्हा पाहिली. पण यादीवर सही झालेली होती. ती फाडता येत नव्हती, खोडता येत नव्हती. तसं मी बोललोही. बाबूंनी मान हलवली आणि चपराशाला चहा आणायला सांगितला.

चहा आला. बाबूंनी कप उचलून यादीच्या कोपऱ्यावर ठेवला. मी म्हटलं, "अरे, सांडेल," आणि उचलून बाजूला ठेवला. बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "घ्या न सर, चहा घ्या," म्हणत कप पुन्हा यादीवर, या वेळी बरोबर मध्ये. मी पुन्हा उचलला. वर सुनावलंही, "बाबू, तुमच्यासारख्या माणसानं कागदावर कप ठेवावा?"

त्यांनी सुस्कारा सोडला. मग उठले, माठापाशी गेले, हात धुतले, दुपट्ट्याला पुसले, पंख्याखाली धरले. परत आले, कप घेतला आणि मुलाच्या डोक्यावर पाणी घालावं तसा सावकाश, कडेपर्यंत, यादीवर ओतला. 'सिन्सिअर' वाहिला, 'शाय' वाहिला. 'इन्फ्लुअन्स' शेवटी गेला. हेडसरांची हिरवी सही पसरून पान झाली.

"अरे बापा," बाबू शांतपणे म्हणाले. "चहा सांडला. सर, नवी यादी करा लागन."

मी तिथेच बसून केली. चाळीस वेळा 'चांगली'. हात दुखला. मला वाटतं तेवढा दुखायला हवाच होता.

शुक्रवारी हेडसर आले. चहाची यादी पाहून त्यांचा पारा चढला. सही केलेला कागद, तोही बाबूंच्या टेबलावर! त्यांनी लेखी खुलासा मागितला. राठोड बाबूंना, ज्यांच्या ऑफिसात पंख्यालासुद्धा शिस्त होती. मी शेजारीच उभा होतो. एक पाऊल पुढे येऊन बोलायचं होतं, की सर, हे माझ्यामुळे. मी भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पाहत राहिलो. केळापूर तालुका त्या दिवशी जितका बारकाईने पाहिला तितका पुन्हा नाही.

"आणि इंग्रजीचं काय झालं?" हेडसरांनी नवी यादी पाहून विचारलं.

"इंग्रजीले टाइम लागते सर," बाबू म्हणाले.

त्यांनी खुलासा लिहिला. 'माझ्या हातून चहा सांडला. पुन्हा असे होणार नाही.' मोत्यांसारख्या अक्षरात. हेडसरांनी नव्या यादीवर सही केली आणि खुलाशावर शेरा मारला : निष्काळजी. कागद बाबूंच्या फाईलला लागला. लावलाही त्यांनी स्वतःच, भोक पाडून, कडा जुळवून.

त्यानंतर त्यांनी लाल पिशवी काढली. मनीषाचा दाखला लिहून झाला, शाई वाळेपर्यंत पंख्याखाली धरला. शनिवारी पहिल्या बसने ती यवतमाळला गेली.

ही गोष्ट मी कधीच स्टाफरूममध्ये सांगितली नाही. इतर सगळ्या सांगतो. बाबू रिटायर झाले तेव्हा निरोपाचं भाषण माझ्याकडे आलं. माहितीसाठी त्यांची फाईल उघडली. तेहतीस वर्षांत ठपक्याचा तो एकच कागद. मग ठरवलं, आता नाही तर कधी. स्टेजवर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. शेरा, कप, नकाशा, एकूण एक. मी घामाघूम झालो. लोक हसून हसून लोळले. पुढच्या रांगेतले सरपंच डोळे पुसत म्हणाले, "सर, घंटेच्या गोष्टीपेक्षा भारी जमली!" इतकी वर्षं मी इतकं काही रंगवून सांगितलं होतं, की एक खरी गोष्ट सांगितली तीही गोष्टच ठरली. मी बाबूंकडे पाहिलं. सत्काराच्या शालीत ते अवघडून बसले होते. उत्तराला उठले आणि एवढंच बोलले, "सर कहान्या मस्त सांगतात. बाकी काही नाही."

गेल्या महिन्यात पांढरकवड्याहून यवतमाळला येत होतो. बस खच्चून भरलेली. कंडक्टर मनीषा आडे. दोन-तीन वर्षं झाली तिला त्या रूटवर. खिडकीवरून भांडणाऱ्या दोघांना तिने असं काही ऐकवलं, की ते दोघेही हसले आणि मागची अर्धी बसही. तांड्याच्या फाट्यावर गाडी थांबली. खांद्यावर दुपट्टा, हातात आरशांची लाल पिशवी. राठोड बाबू.

"सरका हो, सरका! बाबू आले. तुमी एकटे नाही भाऊ, तुमच्या बाजूचेही. सारेच सरका."

बस सरकली. मी सीटवरून अर्धा खाली आलो आणि बाबू माझ्याशेजारी बसले. कानाशी वाकून म्हणाले, "पाह्यलं काय सर? बॅड इन्फ्लुअन्स."

मनीषा तिकिटं फाडत आमच्यापाशी आली. "काय सर, वर्गात तं मोठं बोट दाखवून बॅड इन्फ्लुअन्स म्हनलं होतं मले. मंग दाखल्यावर चांगली काहून लिहिलं?" ती मजेत विचारत होती. निरोपसमारंभाला ती नव्हती. तिला काहीच माहीत नव्हतं.

मी तोंड उघडलं. बाबूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रकाना लहान असते बाई," ते म्हणाले. "त्याच्यात चांगली एवढंच मावते."

ती हसत पुढे गेली. मी खिडकीतून केळापूर तालुका पाहत राहिलो, पुन्हा एकदा.

यवतमाळच्या स्टँडवर उतरलो. विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, तांड्यावरच्या एका पोरीचा फॉर्म भरायचा आहे, अक्षर बरं पाहिजे. ती पोरगी आणि तिची आई फाटकाजवळ वाट पाहत होत्या. बाबू आधी नळाकडे गेले. मला ऑटो मिळाला. वळताना मागे पाहिलं. स्टँडच्या गर्दीत ते दोन्ही पंजे उघडे धरून उभे होते. तिथे पंखा नव्हता. निघणाऱ्या बसचा वारा लागत होता, त्यात हात वाळवत होते.